बिनानंबरचे पार्ट मोजा: एमजीबी जीटीला दुसरं इंजिन निवडताना

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. क्रोम बंपर, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्यांत फिरवणारा गिअरबॉक्सचा जोडभाग) नाही. मालक तिच्यातून लांबलांबचे प्रवास करतात, कव्हर घालून जपून ठेवलेली गाडी नव्हे ही. अशाच एका प्रवासात तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. भोक मूठ जाईल एवढं, आणि त्याच्या कडेपासून निघालेली चीर थेट कॅमशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोचलेली. ओतीव लोखंडाचा ब्लॉक धातूचे टाके घालून जोडता येतो, जोडणारे चांगले कारागीरही असतात. पण चीर बेअरिंगच्या घरात शिरली की तिथला गोलपणा पुन्हा कितपत टिकेल याची खात्री कोणी देत नाही. त्यामुळे दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. गाडीला दुसरं इंजिन लागणार होतं.

कुठलं, हे मालक येतानाच ठरवून आले होते: रोव्हरचं व्ही-८. त्यांची बाजू कच्ची नव्हती. कंपनीने स्वतःच १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ बनवली होती, त्याच बॉडीत, ३५२८ सीसीचं इंजिन घालून. कंपनीच्याही आधी केन कॉस्टेलो या गाड्यांत इंजिनं बदलून देणाऱ्या ब्रिटिश माणसाने हा उद्योग करून दाखवला होता. शिवाय ते इंजिन संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने आठ सिलिंडर असूनही मूळच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा साधारण १८ किलोने हलकं भरतं. जास्त ताकद, कमी वजन आणि वर कंपनीचाच दाखला. मग घोडं पेंड खातं कुठे?

त्याचं उत्तर द्यायच्या आधी मी दोन गोष्टी मागितल्या. एक, मेलेलं इंजिन पूर्ण उघडून बघू द्या. दोन, हे इंजिन धडधाकट होतं तेव्हा त्याच्याबद्दल तुमची काय तक्रार होती ते सांगा.

मेलेलं इंजिन काय सांगत होतं

मोडलेलं इंजिन उघडायचं कशाला, असं मालकांना वाटत होतं. उघडायचं एवढ्यासाठी, की ज्या कारणाने पहिलं गेलं ते कारण गाडीतच राहिलं तर दुसरंही त्याच वाटेने जाणार, मग ते आठ सिलिंडरचं असो की बारा.

संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तेल जेमतेम होतं. ऑइल कूलरकडे जाणारा रबरी पाइप पत्र्याच्या कडेला घासत होता. त्यावरची जाळी झिजून आतलं रबर उघडं पडलं होतं आणि तिथे तेलाचा ओलसर पट्टा जमला होता. ही गळती काही एका दिवसातली नव्हती. हे इंजिन गरम असताना आणि रस्त्यावर धावत असताना तेलाचा दाब ५० ते ८० पीएसआयच्या दरम्यान असायला हवा. काटा त्याच्या खाली राहायला लागल्यावर मालकांनी गेज म्हातारं झालं असं धरलं. जुन्या गाडीत ही समजूत फार सोयीची असते.

तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचा पांढरा थर वितळून तांबूस धातू उघडा पडला होता आणि क्रँकचा तो जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) निळा झाला होता. बाकीच्या तीन बेअरिंगवर लांब ओरखडे होते. म्हणजे चारही बेअरिंगांची उपासमार चालू होती, आधी तिसऱ्याचा नंबर लागला एवढंच. कॅमशाफ्ट बाहेर काढल्यावर दोन फॉलोअरच्या (कॅमची ढकल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) तळाला सुईने टोचावं तसे खड्डे दिसले. हा आजार तेलाच्या दाबाशी संबंधित नाही. या इंजिनात फॉलोअर सपाट तळाचे असतात आणि ते कॅमवर रोलरशिवाय घासतात. त्यांना तेलात जस्त आणि फॉस्फरसचं संरक्षण लागतं, आणि आजच्या गाड्यांसाठीच्या बऱ्याच तेलांत त्याचं प्रमाण कमी केलेलं असतं.

यातून एक निर्णय इंजिन निवडण्याआधीच झाला. ऑइल कूलर फेकायचा. बेअरिंगचा चुरा एकदा त्याच्या जाळीत शिरला की कितीही धुतला तरी थोडा आत राहतोच, आणि नव्या इंजिनाच्या पहिल्या तासात नेमका बाहेर येतो. नवा कूलर, नवे पाइप, आणि पत्र्याच्या कडेला रबरी किनार.

तक्रार कशाची होती

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं निघालं. मालकांची तक्रार आवाजाची होती. ताशी १०० किलोमीटरला इंजिन सतत ओरडत असतं, तीन-चार तासांनी डोकं भणभणतं, आणि बाजूने जाणारी साधी गाडी गुपचूप पुढे निघून जाते. दुसरी तक्रार उन्हात थांबल्यावर गरम इंजिन पटकन सुरू होत नाही ही. चढावर ताकद कमी पडते का, असं मी मुद्दाम विचारलं. "पडते, पण त्याचं काही नाही. स्पोर्ट्‌स कार आहे, गिअर बदलायलाच घेतली आहे," असं ते म्हणाले.

आता हिशेब बघा. या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ३.९०९ ला १ आहे. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना गाडी ताशी साधारण २८.८ किलोमीटर जाते. म्हणजे १०० च्या वेगाला इंजिन जवळपास ३४७० आरपीएमवर फिरतं. हेच गिअरबॉक्स एलएच जातीच्या ओव्हरड्राइव्हसह असतं, ज्याचं प्रमाण ०.८२ आहे, तर आकडा २८५० वर आला असता. सहाशे फेऱ्या कमी. मोठ्या स्ट्रोकच्या, दणकट पण काहीशा खडबडीत इंजिनात सहाशे फेऱ्यांचा फरक कानाला लगेच कळतो.

आणि व्ही-८? कंपनीच्या व्ही-८ मध्ये अ‍ॅक्सल ३.०७ चा होता आणि ओव्हरड्राइव्हही होतं. तिथे १०० च्या वेगाला इंजिन साधारण २२५० वर फिरतं. मालकांनी एकदा चालवलेली व्ही-८ त्यांना इतकी शांत वाटली त्याचं मोठं श्रेय अ‍ॅक्सलकडे आणि ओव्हरड्राइव्हकडे जातं. आठ सिलिंडरचा गुळगुळीतपणा खराच, पण तोच व्ही-८ जुन्या ३.९०९ च्या अ‍ॅक्सलवर ओव्हरड्राइव्हशिवाय जोडला असता तर तोही ३४७० वरच ओरडला असता.

एवढं मांडल्यावर व्ही-८ ची हौस संपली नाही, पण मालक ऐकायच्या मनःस्थितीत आले.

कागदावर मोजलेले पार्ट

इंजिन बदलण्याच्या गप्पा नेहमी हॉर्सपॉवरवरून सुरू होतात. मी या प्रकरणात एक वेगळा तक्ता केला. प्रत्येक पर्यायासाठी असे किती पार्ट लागतील ज्यांना कुठल्याही कंपनीचा पार्ट नंबर नाही? म्हणजे वर्कशॉपमध्ये मापं घेऊन, पत्रा कापून, वेल्डिंग करून बनवलेले. माउंटिंगचे ब्रॅकेट, जोडून लांब-आखूड केलेला प्रोपेलर शाफ्ट, वळवून घेतलेला एक्झॉस्ट, दोन गाड्यांच्या वायरी एकत्र करून केलेला हार्नेस. असा पार्ट चांगला बनवलेला असला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण घरापासून दूर तुटला तर काय मागवायचं हे कोणालाच सांगता येत नाही, बनवणाराही तोवर मापं विसरलेला असतो. जी गाडी लांब जाते तिच्या बाबतीत हा आकडा ताकदीच्या आकड्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो.

व्ही-८ चं इंजिन स्वतः या कसोटीवर उत्तम उतरतं. मूळ ब्यूकचं १९६१ चं २१५ घनइंची इंजिन, रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले, १९६७ पासून आपल्या गाड्यांत घातलं आणि पुढे रेंज रोव्हरमुळे ते जगभर पोचलं. सुटे भाग भरपूर. अडचण या गाडीच्या पुढच्या डब्यात होती. कंपनीने जीटी व्ही-८ बनवताना इंजिनाच्या बाजूचे आतले पत्रे, मागची भिंत आणि स्टिअरिंगचा दांडा यांत बदल केले होते. कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेऊन बसवले, म्हणजे बॉनेट तेच राहील. १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले तेव्हापासून चार सिलिंडरच्या गाड्यांनाही तीच बदललेली बॉडी मिळाली. आपली गाडी १९७२ ची. तिचे पत्रे जुन्या मापाचे.

म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जागा करायला आतले पत्रे कापायचे किंवा ठोकायचे, स्टिअरिंगच्या दांड्याला सांधा द्यायचा, रेडिएटर पुढे सरकवायचा. पुढे अ‍ॅक्सल बदलायचा, कारण ३.९०९ वर व्ही-८ चा पहिला गिअर सुरू होताच संपतो. क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक हे ओघाने आलंच. मूळ इंजिन ३००० आरपीएमला सुमारे १४९ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, व्ही-८ २९०० ला २६० च्या आसपास. कंपनीलासुद्धा या टॉर्कपुढे नंतरच्या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरमधून काढून फक्त चौथ्यात ठेवावं लागलं. रस्त्यात स्टिअरिंगचा सांधा हा बिनानंबरचा पार्ट असावा, ही कल्पना मला झोप लागू देत नाही. आणि एकदा कापलेला पत्रा परत जोडला तरी ती बॉडी मूळची राहत नाही.

इथे वजनाचा एक मुद्दा, थोडा बाजूचा. "मोठं इंजिन म्हणजे नाक जड" हा आक्षेप व्ही-८ ला लागू नाही, पण एमजीसीला होता. १९६७ ते १९६९ या काळात कंपनीने याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन कोंबलं. ते चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा नव्वदहून जास्त किलोने जड होतं. अक्षरशः नाकापेक्षा मोती जड. पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं करावं लागलं, आणि तरीही वळणावर गाडी सरळच जायला बघते अशी त्या वेळच्या परीक्षकांची टीका झाली. कोणी स्वस्तात मिळतंय म्हणून भलतं जड इंजिन सुचवलं तर हे उदाहरण पुरे आहे.

दुसरा पर्याय मला स्वतःला व्ही-८ पेक्षा जास्त मोहात पाडणारा होता: माझ्दा एमएक्स-५ चं १८३९ सीसीचं इंजिन, तिच्याच पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह. दोन कॅमशाफ्ट, इंजेक्शन, साधारण १३० हॉर्सपॉवर, म्हणजे एमजीबीच्या कागदावरच्या ९५ पेक्षा बरेच जास्त. सगळ्यात मोठा फायदा हा की ती गाडी मुळातच मागच्या चाकांवर चालणारी आहे. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसतं, गिअरबॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत. फोर्डच्या झेटेकसारखं आडवं बसणारं इंजिन उभं करताना वेगळंच झेंगट होतं: पाण्याचं आउटलेट आणि कॉइल फ्लायव्हीलच्या बाजूला असतात, म्हणजे नेमके मागच्या भिंतीवर आपटतात, शिवाय गिअरबॉक्स वेगळा शोधून मधला बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण) मिळवावा लागतो. तो पर्याय मी लवकर खोडला. ब्लॉकचा दोष नाही त्यात, जागेचा आहे.

एमएक्स-५ च्या तक्त्यात मात्र बिनानंबरचे पार्ट हळूहळू वाढत गेले. त्या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमने एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे गिअरबॉक्सच्या शेपटीला नेहमीसारखं माउंटिंगच नसतं. एमजीबीत ते बनवावं लागणार. पुढची माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, एक्झॉस्ट, थ्रॉटल केबलचा ब्रॅकेट, हेही. मग पेट्रोल. एसयू कार्ब्युरेटरला पंप ०.२ बारच्या आसपास दाबाने पेट्रोल देतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो. म्हणजे नवा पंप, टाकीकडे परतीची लाइन, वळणावर पंप कोरडा पडू नये म्हणून छोटी उपटाकी आणि सगळे पाइप त्या दाबाचे. त्यात ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरी. काही ठिकाणी या अदलाबदलीसाठी तयार किट मिळतात आणि त्यातल्या पार्टना नंबरही असतात. पण ते नंबर किट बनवणाऱ्याचं दुकान चालू आहे तोवरच.

तरीही हा पर्याय मी सहज सोडला नाही. मालक स्वतः गाडीला हात लावणारे नसते, आणि लॅपटॉप जोडून दोष शोधणारं वर्कशॉप त्यांच्या भरवशाचं असतं, तर मी कदाचित हाच सुचवला असता. ते मात्र टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्वतः सेट करतात आणि डिकीत फिलर गेज, पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर घेऊन फिरतात. त्यांच्या हातांना येणारं इंजिन काढून न येणारं बसवणं हे सुधारणेच्या नावाखाली त्यांना परावलंबी करणं झालं असतं.

विजेच्या मोटरचा विषय त्यांच्या मुलाने काढला होता. लांबचा प्रवास आणि बॅटरीला जागा, या दोनच मुद्द्यांवर तो मिटला.

परत बी-सीरिजकडे

राहिलं मूळचंच इंजिन, १७९८ सीसीचं बी-सीरिज. फार देखणं इंजिन नाही हे. चार सिलिंडरना हवा घ्यायला दोनच तोंडं, एक्झॉस्टला तीन, आणि मधलं तोंड दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमध्ये सामायिक. हेडमध्ये तिथेच उष्णता साचते आणि व्हॉल्व्हच्या मध्ये चिरा पडतात. यातून मोठी ताकद काढायला गेलं की खर्च वाढतो आणि फायदा आक्रसत जातो. पण खालचा भाग दणकट, आणि घराणं मोठं. हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच कुळातलं. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन खोललेला मेकॅनिक एमजीबीचं बॉनेट उघडून बुचकळ्यात पडत नाही.

इंजिन शोधताना मी दोन अटी घातल्या. पहिली, क्रँक पाच बेअरिंगचा हवा. १९६४ च्या शेवटापर्यंत ही इंजिनं तीन बेअरिंगची होती. दुसरी, १९६७ नंतरचं हवं. त्या सुमारास गिअरबॉक्स बदलला आणि त्यासोबत मधली प्लेट आणि फ्लायव्हीलही बदललं. आधीचं इंजिन नंतरच्या गिअरबॉक्सला जोडता येतं, पण मग पुन्हा पार्टांची जुळवाजुळव. शेवटी १८व्ही मालिकेतलं, म्हणजे आपल्या गाडीच्याच काळातलं एक इंजिन मिळालं. पुढची माउंटिंग प्लेट वर्षांप्रमाणे वेगवेगळी असते म्हणून मोडक्या इंजिनाची प्लेट काढून ठेवली होती, तीच कामी आली.

विकणारा "चालू स्थितीत" म्हणत होता. चालू स्थितीतलं जुनं इंजिन तसंच बसवायचा मोह फार असतो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात. आम्ही ते फक्त कच्चा माल म्हणून घेतलं. सिलिंडरचा व्यास वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. मूळ माप ८०.२६ मिलिमीटर. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची रिंग थांबून उलट फिरते तिथे, बोट फिरवल्यावर नखाला पायरी लागत होती. पण त्याआधी कोणी रिबोअर केलेलं नव्हतं, आणि या इंजिनाची खरी किंमत तीच होती. ब्लॉक, क्रँक आणि हेडची चिरांसाठी तपासणी करून घेतली. हेडमध्ये दुसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या मध्ये केसासारखी रेषा निघाली, ते हेड बाद. दुसरं मिळवून त्यात एक्झॉस्टच्या जागी कठीण धातूच्या सीट बसवल्या. शिसं नसलेल्या पेट्रोलवर नरम लोखंडाच्या सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुततात, म्हणून.

इथे मालकांचा दुसरा हट्ट आला. इंजिन उघडलंच आहे तर सिलिंडर ८३.५७ पर्यंत मोठे करून १९५० सीसी का करू नये? करतात लोक, चांगलं चालतंही. पण त्यासाठी सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजावी लागते, कारण प्रत्येक ओतकामात गाभा थोडा सरकलेला असतो आणि एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा पातळ निघते. आणि पुढच्या रिबोअरला जागाच राहत नाही, मग थेट स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी. आम्ही ३० थाऊ, म्हणजे ०.७६ मिलिमीटर वाढवून थांबलो. सीसी झाली १८३३. पुढच्या वेळी चाळीस आणि साठ थाऊचे पिस्टन शिल्लक आहेत. कॅमशाफ्ट मूळच्या जवळचंच, फॉलोअर सगळे नवे. नव्या कॅमवर जुने फॉलोअर कधीच टाकू नयेत, एकमेकांना खाऊन टाकतात. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचची प्लेट एकत्र बॅलन्स करून घेतली. ताकद त्याने वाढत नाही, पण मालकांची तक्रार आवाजाची आणि थरथरीची होती.

खर्चाचा मोठा वाटा इंजिनापेक्षा गिअरबॉक्सकडे वळवला. एलएच ओव्हरड्राइव्हचा चार-सिंक्रो (चारही गिअर न खरखरता पडणारा) गिअरबॉक्स मिळवून पूर्ण बांधून घेतला. १९६७ नंतरच्या बॉडीत त्याला पुरेशी जागा असते, पत्र्याला हात लावावा लागला नाही. गिअरबॉक्सच्या माथ्यावरचा स्विच तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येच करंट जाऊ देतो, तो आणि त्याची वायर नवी. तेल मात्र इंजिनाचंच, २०डब्ल्यू-५०. सवयीने कोणी यात जाड गिअर ऑइल ओतलं तर ओव्हरड्राइव्ह बिघडलंच म्हणून समजा.

गरम इंजिन सुरू न होण्याच्या तक्रारीचं मूळ इंजिनात नव्हतं. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधल्या उष्णतारोधक पत्र्याचं अस्तर गळून पडलं होतं, आणि पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डच्या जवळून नेलेला होता. दोन्ही सरळ केलं.

पहिली सुरुवात आणि त्यानंतर

प्लग काढून ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवलं, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत. तो दिसल्यावरच प्लग लावले. सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वीसेक मिनिटं, कमी-जास्त करत. सपाट फॉलोअरच्या कॅमचं आयुष्य याच वेळात ठरतं, आणि नेमका याच वेळी मालकाला शांत आयडलिंग ऐकायचं असतं. ते ऐकू दिलं नाही. मग तेल आणि फिल्टर बदलला. काही शे किलोमीटर चालवून हेडचे नट पुन्हा ४५ ते ५० पाउंड-फूटच्या मापात आवळले आणि टॅपेट परत सेट केले.

१०० च्या वेगाला आता टॅकोमीटर २८५० च्या आसपास असतो. चढ आला की मालक ओव्हरड्राइव्ह बंद करतात आणि गाडी चौथ्यातच निघून जाते, गिअर खाली टाकायची वेळ क्वचित येते. स्पीडोमीटर मात्र चुकू लागला, कारण नव्या गिअरबॉक्सकडून त्याच्या केबलला मिळणाऱ्या फेऱ्यांचं प्रमाण वेगळं. तो उघडून नव्या प्रमाणाला जुळवून घ्यावा लागला. हे काम आधीच तक्त्यात धरायला हवं, बरेच जण शेवटी धरतात.

कागदपत्रांत इंजिनाचा नवा नंबर नोंदवून घेतला. नियम देशोदेशी वेगळे, पण इंजिन बदलून नोंद न करणं कुठेच शहाणपणाचं नाही. फिवा ही जुन्या गाड्यांची जागतिक संघटना किमान ३० वर्षं जुन्या आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेल्या गाडीला ऐतिहासिक म्हणते. त्याच जातीचं इंजिन बसवल्याने त्या बाबतीत फारसा प्रश्न उरत नाही. मूळ ब्लॉक त्याच्या नंबराच्या पट्टीसकट गाडीसोबत ठेवायला सांगितला आहे. उद्या कोणी गाडी घेतली तर मूळ इंजिनाचं काय झालं हे सांगायला तो पुरावा आहे.

हीच गाडी १९७५ ची, रबरी बंपरची असती तर माझा सल्ला वेगळा असता. तिथे पत्रे न कापता व्ही-८ बसतं, स्टिअरिंग आणि आतले पत्रे कंपनीच्याच नंबरचे, आणि शुद्धतावाद्यांचं त्या गाड्यांवर मुळात प्रेम कमी, म्हणजे गमावण्यासारखंही कमी. फक्त अ‍ॅक्सल आणि ब्रेकचा खर्च इंजिनाच्या आधी बाजूला काढायचा. इंजिन आधी आणि ब्रेक सवडीने, असं म्हणणाऱ्याला मी व्ही-८ सुचवणार नाही.

मालकांचं व्ही-८ चं वेड अजून गेलेलं नाही. आता ते रबरी बंपरची एखादी बॉडी शोधत आहेत, वेगळ्या गाडीसाठी. जीटीचं उरलेलं काम एवढंच: सिलिंडर थोडे मोठे झाल्यामुळे रोलिंग रोडवर (गाडी जागेवर रुळांवर चालवून तपासायचं यंत्र) मिश्रण तपासून कार्ब्युरेटरच्या सुया बदलायच्या का ते ठरवायचं, आणि तोवर जोर लावून चालवताना मिश्रण पातळ होत नाही ना, हे प्लगच्या रंगावरून बघत राहायचं.